मूल अंगावर धावून येतं तेव्हा शाळेने काय करावं?

(दहावी १९९० तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू विशेष मुलांची शिक्षिका आहेस, त्यावर पंधरा मिनिटं बोल. पण रडवू नकोस हं!" रडवणार नाही. आणि मराठीच्या बाई समोर पहिल्याच रांगेत बसल्यात, त्यामुळे विषय सोडून भटकणारही नाही.

विषय मात्र मी मुद्दाम जरा अवघड निवडला आहे. आपल्यापैकी बरेच जण आज शिक्षक आहेत, काही मुख्याध्यापक झालेत, काही संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत. तुमच्याकडून मला येणाऱ्या फोनमध्ये एक फोन हल्ली वारंवार येतो. "अगं, आमच्या शाळेत एक मूल आहे. तसं गोड आहे, पण मारतं. परवा बाईंच्या हाताला चावलं. पालक सभेत आरडाओरडा झाला. काढून टाका म्हणतात. काय करू?" फोनवर पाच मिनिटांत जे सांगता येत नाही, ते आज इथे सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. विशेष मूल म्हणजे मारकं मूल, असं मुळीच नाही. माझ्या वर्गातून गेलेल्या बहुतेक मुलांनी कधी कोणावर हात उचललेला नाही. पण काही मुलं उचलतात. मारतात, चावतात, केस ओढतात, वस्तू फेकतात. ते लपवून किंवा "लहान आहे हो" असं म्हणून चालत नाही. ज्या बाईंच्या दंडावर दातांचे वळ उठलेत, त्यांना या वाक्याचा काही उपयोग नसतो.

असे फोन आत्ताच का वाढले? कारण आपल्या वेळी ही मुलं वर्गात नव्हतीच. पाचवीत आपल्याबरोबर एक मुलगा होता, अनेकांना आठवत असेल. नाव घेत नाही. घंटा झाली की कानावर हात ठेवायचा आणि शेजारच्याला बुक्का मारायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. दाखला घेऊन गेला, एवढंच कळलं. साठ मुलांचा वर्ग, सरांना त्याबाबतचं काही प्रशिक्षण नाही, विचारायला गावात कोणी नाही, कायदा नाही. त्यामुळे तेव्हाच्या कोणालाही मी दोष देणार नाही. पण आज ती परिस्थिती उरलेली नाही.

१९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते एकवीस झाले आणि स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, त्यात आला. त्याआधी २००९चा शिक्षण हक्क कायदा झाला होता. त्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा दिली, काढून टाकण्याची नाही. सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. म्हणजे "काढून टाकू" आणि "दोन ठेवून देऊ" हे दोन्ही जुने मार्ग बंद झालेत. संस्थाचालक मित्रांनो, हे आधी पक्कं लक्षात घ्या. मग तिसरा मार्ग शोधायची निकड आपोआप वाटते.

काही शाळांनी एक चोरवाट काढली आहे. नाव पटावर ठेवायचं आणि रोज अकरा वाजता आईला फोन करायचा, "या, घेऊन जा." कागदावर मूल शाळेत, प्रत्यक्षात घरी. आईची नोकरी जाते, घरात भांडणं सुरू होतात. आणि मुलाचं मारणं कमी होतं का? उलट वाढतं. का वाढतं ते आज मला तुम्हाला समजावून सांगायचं आहे, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

मूल मारतं तेव्हा त्या मारण्यातून त्याला काहीतरी मिळत असतं. आमच्या क्षेत्रात साधारण चार गोष्टी तपासतात. नको असलेल्या कामातून किंवा जागेतून सुटका मिळते. कोणाचं तरी लक्ष मिळतं. हवी असलेली वस्तू मिळते. किंवा शरीरालाच काहीतरी मिळतं, गोंगाट थांबतो, ताण बाहेर पडतो. आता बघा, ज्या मुलाला गणिताचा तास असह्य होतो, ते मूल बाईंना मारतं आणि अर्ध्या तासात आईच्या स्कूटरवर बसून घरी जातं. आपल्याला वाटतं शिक्षा केली. मुलाने काय शिकलं? घरी जायचं असेल तर मारायचं. पुढच्या वेळी ते लवकर मारेल आणि जोरात मारेल.

एका मुलाचं उदाहरण देते. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. अकरा वर्षांचा, स्वमग्न, दहा-पंधरा शब्द बोलणारा. साध्या मराठी शाळेत, पाचवीत. आठवड्यातून तीन-चार वेळा बाईंना मारायचा. मी गेले तेव्हा सगळ्यांचं मत एकच, "कधीही, काहीही कारण नसताना मारतो." मी बाईंना एक शंभरपानी वही दिली. त्यात तीन रकाने आखले. मारण्याच्या आधी काय चाललं होतं, त्याने नेमकं काय केलं आणि त्यानंतर लगेच काय झालं. वेळ आणि तास लिहायचा. मत लिहायचं नाही. "उगाच चिडला" असं लिहायचं नाही, "फळ्यावरचा उतारा उतरवून घ्या असं सांगितलं" असं लिहायचं.

तीन आठवड्यांनी वही उघडली. नऊ प्रसंग होते. त्यातले सात मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला, आणि सातही वेळा फळ्यावरून उतरवून घ्यायचं काम चालू होतं. तिसरा रकाना तर फारच बोलका होता. प्रत्येक वेळी त्याला ऑफिसात नेऊन शिपाईकाकांजवळ बसवलं होतं. काका प्रेमळ. बिस्कीट द्यायचे, पंखा लावायचे, किल्ल्यांचा जुडगा खेळायला द्यायचे. त्यात काकांची काहीच चूक नाही. पण त्या मुलाच्या दृष्टीने फळ्यापासून किल्ल्यांपर्यंत पोहोचायचा रस्ता बाईंच्या पाठीतल्या गुद्द्यातून जात होता.

मग आम्ही त्याला दुसरा रस्ता दिला. बाकावर एक कार्ड चिकटवलं, त्यावर व्हरांड्याचं चित्र. ते काढून बाईंच्या हातात दिलं की दोन मिनिटं व्हरांड्यात जायचं, मारायची गरज नाही. या पद्धतीचा पाया एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी १९८५ साली घातला. मारण्यातून जे मिळतं तेच मागायचं सोपं साधन मुलाला द्या, ते साधन मारण्यापेक्षा लवकर फळलं पाहिजे, हे त्याचं सार. पहिल्या आठवड्यात त्याने एका तासाला दहा-दहा वेळा कार्ड दिलं. बाई वैतागल्या, "हा आता नुसता बाहेरच!" मी म्हटलं, प्रत्येक वेळी जाऊ द्या. शब्दावर आधी त्याचा विश्वास बसू दे. मग हळूहळू, "एक ओळ लिही, मग जा." मग दोन ओळी. सोबत उताराही फळ्यावर न ठेवता कागदावर त्याच्या समोर ठेवला. मारणं बंद झालं असं मी म्हणणार नाही. आठवड्याला तीन-चार वेळा होतं, ते दिवाळीपर्यंत महिन्यातून एखाद्या वेळेवर आलं. मुख्य म्हणजे तो वर्गात राहिला.

कधी कधी कारण वर्गात नसतंच. आमच्याकडे एक चौदा वर्षांची मुलगी अचानक स्वतःच्या गालावर आणि जवळ येईल त्याला थपडा मारू लागली. बोलता येत नाही. सगळे म्हणाले, वयात आली म्हणून. दंतवैद्यांकडे नेलं तर दाढ आतून किडलेली. दाढेचे उपचार झाले आणि थपडा थांबल्या. म्हणून स्वभाव एकाएकी बदलला तर आधी शरीर तपासा. दात, कान, बद्धकोष्ठता, पाळी, रात्रीची झोप, आकडी, नुकतंच बदललेलं औषध. घर आणि शाळेमध्ये रोज फिरणारी एक छोटी वही ठेवा. "काल रात्री झोपला नाही" हे एक वाक्य सकाळीच कळलं तर बाई त्या दिवशी शुद्धलेखन बाजूला ठेवतील. गोंगाटाचंही तसंच. परिपाठाचा कर्कश माईक, गणपतीआधीची ढोलाची तालीम, आपल्याला उत्साह देणारा आवाज काही मुलांच्या कानात खिळ्यासारखा घुसतो.

हे झालं आधीचं. आता प्रत्यक्ष त्या क्षणाचं. शिक्षक मित्रांनो, हे लिहून घेतलंत तरी चालेल.

मूल पेटलेलं असताना काही शिकवायचं नाही. त्या वेळी काम एकच, कोणाला लागू नये. एकाच मोठ्या माणसाने बोलायचं, बाकीच्यांनी गप्प. आवाज खाली, शब्द चार-पाच. "का मारलंस?" विचारायचं नाही, त्याला त्या वेळी उत्तर देता येत नाही. समोर छाती काढून उभं राहायचं नाही, थोडं तिरकं, हाताच्या अंतराच्या बाहेर. मूल आणि दार यांच्या मध्ये उभं राहायचं नाही. कंपास, कात्री, स्टीलची बाटली हाताशी असेल तर हळूच दूर करायची. आणि मुलाला ओढत बाहेर नेण्यापेक्षा बाकीचा वर्ग बाहेर न्या. चाळीस मुलं रांगेने मैदानावर जायला एक मिनिट लागतं. त्याची तालीम आग लागल्यावर बाहेर पडायची करतो तशीच अधूनमधून करा.

चावलं तर हात झटकन मागे ओढू नका, त्वचा फाटते. हात हलकेच तोंडाच्या दिशेने आत ढकला, जबडा सैल होतो, मग सोडवा. केस धरले तर त्याची मूठ आपल्या डोक्यावर दाबून धरा, म्हणजे ओढ बसत नाही, आणि दुसऱ्याला हाक मारा. धरावंच लागलं, रस्त्यावर धावत सुटलंय, स्वतःचं डोकं भिंतीवर आपटतंय, तर कमीत कमी जोराने, कमीत कमी वेळ. जमिनीवर पालथं पाडून पाठीवर बसणं किंवा छाती दाबणं कधीच नाही. त्यात श्वास कोंडतो आणि मुलं दगावलेली आहेत. अमेरिकेत २००९ साली तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने शाळांमधल्या अशा धरून ठेवण्याची आणि कोंडून ठेवण्याची चौकशी केली, तेव्हा छळाच्या शेकडो तक्रारी आणि मृत्यूही समोर आले. आपल्याकडे कोणी मोजत नाही एवढंच. अडगळीच्या खोलीत कोंडणं, बाकाला बांधणं, हे उपाय म्हणून कोणी सुचवलं तर तिथेच थांबवा.

शांत झाल्यावर लगेच प्रवचन नको. चेहरा निवळला तरी अंगातली खळबळ अर्धा तास, कधी तासभर टिकते. पाणी द्या, शांत कोपऱ्यात बसू द्या. मग ज्या कामावरून बिनसलं त्यातलाच एक सोपा तुकडा करून घ्या. एक ओळ, एक बेरीज. म्हणजे मारल्याने काम टळत नाही हेही कळतं आणि "मला जमतं" हेही कळतं. सांडलेली पुस्तकं त्याने आपल्याबरोबर उचलायची. ही शिक्षा नाही, बिघडवलेलं सावरायची सवय आहे.

आता ज्याला मार बसला त्या मुलाबद्दल. आम्ही विशेष शिक्षक इथे कमी पडतो असं तुम्हाला वाटतं, आणि त्यात तथ्य आहे. "तो तसाच आहे, तू समजून घे" हे वाक्य शाळेतून हद्दपार व्हायला हवं. आठ वर्षांच्या मुलाने मार खाऊन वर समजूतदारपणाही दाखवायचा, हे न्यायाचं नाही. त्याला आधी विचारा, कुठे लागलं? घाबरलास का? त्याच दिवशी त्याच्या घरी शाळेकडून फोन गेला पाहिजे. काय झालं, काय उपचार केले, उद्यापासून बसायची जागा कशी बदलतोय, तासाला जादा माणूस कोण असेल. पालक सभेत बहुतेक वेळा राग मारल्याचा कमी असतो, शाळेने लपवलं याचा जास्त असतो. मात्र दुसऱ्या मुलाचं निदान, त्याची औषधं, हे सांगायचा अधिकार आपल्याला नाही.

आणि बाई. चावा बसलेल्या शिक्षिकेला मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न "तुम्ही त्याला काय बोललात?" असा असू नये. पहिलं वाक्य, "तुम्ही बसा, तुमचा तास मी घेतो." जखम साबणाने, वाहत्या पाण्याने धुवायची, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायचं, खर्च शाळेचा. चर्चा दुसऱ्या दिवशी. मार खाणं हा शिक्षकाच्या कामाचा भाग आहे असं म्हणणारी शाळा चांगले शिक्षक गमावते, आणि त्यानंतर त्या मुलाला समजून घेणारं कोणी उरत नाही. मुलाचा हक्क आणि बाईंची सुरक्षितता एकमेकांविरुद्ध उभे करू नका. बाई निर्धास्त असतील तरच मुलाचा हक्क वर्गात टिकतो.

"विशेष शिक्षक आणायचा कुठून?" हा प्रश्न रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली रजनीश कुमार पांडे खटल्यात प्राथमिकला दर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा असं सांगितलं. प्रत्यक्षात तालुक्याच्या गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक कितीतरी शाळा फिरतात. ते येतील तेव्हा नुसती सही घेऊन चहा पाजू नका, वही समोर ठेवा. मी आज सांगितलेल्या गोष्टींतल्या बहुतेकांना पदवी लागत नाही. वही लागते, आधी ठरवलेली माणसं लागतात आणि सगळ्यांनी एकसारखं वागणं लागतं. एका बाईंनी कार्ड मान्य करायचं आणि दुसऱ्या सरांनी "नाटकं नकोत" म्हणायचं, यात सगळं वाहून जातं.

सगळं करूनही काही मुलांना साधी शाळा झेपत नाही. त्यांना लहान वर्ग, जास्त हात, कधी मनोविकारतज्ज्ञांचे उपचार लागतात. विशेष शाळा म्हणजे हार नव्हे. मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली एका आईवडिलांनी आपल्या मुलीसाठी सुरू केली. अशा शाळांनी पिढ्या घडवल्यात. दिव्यांग कायद्याप्रमाणे कायद्यात बसणाऱ्या अपंगत्वाच्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा अधिकार आहे. निवड मुलाची आणि पालकांची. शाळेने एवढंच पाळावं, की मुलाची शाळा बदलायची चर्चा भांडणाच्या दिवशी करू नये. वही समोर ठेवून, सगळं करून पाहिल्यावर, पालकांबरोबर बसून करावी. तात्पुरता कमी वेळ ठेवला तर तो पूर्ववत करायची तारीखही त्याच कागदावर लिहावी.

शेवटचं, आणि मग बसते. आपल्या तुकडीने शाळेला भेट द्यायला पैसे गोळा केलेत. डिजिटल फळा घ्यायचा असं जवळपास ठरलंय. फळा घ्या, माझी ना नाही. पण त्यातला काही भाग मला हवा आहे. जिन्याखालची जुनी प्रयोगशाळेची खोली रंगवून, पडदे लावून, एक सतरंजी आणि दोन उशा टाकून शांत खोली करता येईल. दार सदैव उघडं राहणारी, शिक्षेची नव्हे. दुसरं, एका मदतनीस ताईंचा वर्षाचा पगार. तिसरं, सगळ्या शिक्षकांसाठी आणि शिपाईकाकांसाठी दोन दिवसांचं शिबिर. ते मी घेईन, मानधन नको. मुख्याध्यापक सर इथे आहेत. जूनमध्ये नव्या वर्गात असं एखादं मूल येईलच. तो वर्ग कोणत्या बाईंचा असेल ते आत्ताच ठरवा, आणि त्यांच्या मदतीला कोण धावून जाणार, तेही.

जेवणाच्या वेळी मी मागच्या टेबलावर बसेन. ज्यांच्या शाळेत असं मूल आहे त्यांनी ताट घेऊन तिथेच या.